वर्धा जिल्ह्यात बिडाची शेगडी शोधताना

वर्धा जिल्हा पाहायला आलेला पाहुणा सेवाग्राम पाहतो, पवनारला धाम नदीच्या काठी उभा राहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याचे काही चुकते असे नाही. पण या जिल्ह्याला आणखी एक वाट आहे. ती रेल्वे क्वार्टरांच्या मागून, बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंतींवरून आणि भंगाराच्या दुकानांतून जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन रविवार या वाटेने फिरलो. शोध होता एका जुन्या बिडाच्या शेगडीचा. या फिरण्यात जे पाहिले, जे पारखले आणि जो हिशेब हाती आला, तो वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत.

शोध कशासाठी हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीतील अकरा भगिनींचा एक बचत गट आहे. दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ज्वारीची भाकरी, वरण आणि एक भाजी असे जेवण या भगिनी करून देतात. गटाची वही लिहिण्याचे काम आमच्याकडे असते. व्यावसायिक वापराचा १९ किलोचा सिलिंडर महिन्याला चार लागत होते आणि वर्षाखेरीस नफ्याच्या रकान्यात लिहायला फारसे काही उरत नव्हते. वरण आणि भाजी गॅसवर ठेवावी, पण तासन्‌तास चालणारे भाकरीचे काम आणि पाणी तापवणे लाकडावर करावे, असा विचार बैठकीत निघाला. पत्र्याची शेगडी वर्ष-दीड वर्षात जळून जाते. म्हणून जुनी बिडाची शेगडी पाहावी असे ठरले आणि गटाने ७,००० रुपये मंजूर केले.

या ठरावाला विरोध फक्त एकीचा होता. गटातील सर्वांत वडील, ज्यांना सारे मावशी म्हणतात, त्या म्हणाल्या, "माह्या मायचे डोळे चुलीपाशी गेले. गॅस आला तवा आपण सुटलो म्हटलं. आता तुम्ही पैसे देऊन धूर घरात आणता काय?"

या प्रश्नाला त्या बैठकीत कोणापाशी उत्तर नव्हते. तेव्हा असे ठरले की शोधाला मावशींनी यायचे आणि त्या "हो" म्हणतील तीच शेगडी घ्यायची. अशा रीतीने मावशी, गटाच्या सचिव ताई, त्यांची धाकटी जाऊ आणि वहीसह आम्ही, अशी चौघांची फेरी निघाली.

शेगड्या आल्या कुठून?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोहार तापवून ठोकतो ते घडीव लोखंड वेगळे. बीड वितळवून साच्यात ओततात. त्यात कोळशाचा अंश, म्हणजे कार्बन, दोन ते चार टक्के असतो. त्यामुळे ते कमी उष्णतेवर वितळते, साच्यातील नक्षी आणि अक्षरे नीट उचलते, तापले की ऊब धरून ठेवते. पण त्याच कारणाने ते ठिसूळ असते. घडीव लोखंड वाकते, बीड वाकत नाही, तडकते. बिडाचा तवा हातून पडला की दोन तुकडे होतात हे आपल्या आयाबहिणींना पुस्तक न वाचताही माहीत आहे.

विदर्भाच्या खेड्यात चूल मातीचीच होती. मग या भागात बिडाच्या शेगड्या कशा आल्या? १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे रूळ टाकले गेले ते तिथल्या दगडी कोळशासाठी. वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण तोवर कोळशाची वाट पडली होती. इंजिनाला कोळसा, जिनिंग-प्रेसिंगला कोळसा, हिंगणघाट आणि पुलगावच्या कापडगिरण्यांना कोळसा. जिथे कोळसा मिळतो तिथे तो स्वयंपाकातही येतो. आता लाकूड राखेवर पडूनही जळते, दगडी कोळशाला मात्र खालून वारा लागतो. त्याला जाळी हवी, जाळीखाली राखेचा कप्पा हवा, आणि तो जाळ सोसणारी जाड भिंत हवी. मातीच्या चुलीत हे साधत नाही, बिडात साधते. म्हणून शेगडी शोधायची तर शेतावर नव्हे, रुळांच्या कडेने शोधावी, असा आम्ही अंदाज बांधला. तो पुढे खरा ठरला.

पहिला रविवार : मगनवाडी आणि वर्ध्याचा बाजार

विकत घेण्याआधी काय पाहायचे हे कळावे म्हणून आम्ही प्रथम मगनवाडीत गेलो. वर्धा शहरातच ही जागा आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम येथून चालले. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे मुख्य कार्यकर्ते होते. येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. घाणी, चरखे, हातकागद आणि खेड्यातील इतर उद्योग यांची ओळख करून देणारी ही जागा मुलाबाळांना घेऊन एकदा अवश्य पाहावी.

आमचे काम मात्र ‘मगन चूल’ या नावाशी होते. १९४० च्या दशकात मगनवाडीत तयार झालेली ही चूल मातीचीच. पण तिच्यात जाळाची वाट एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली नेली होती आणि शेवटी धुराडे बसवून धूर घराबाहेर काढला होता. पुढे १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. मग १९८३ मध्ये केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, तो २००२ पर्यंत चालला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. वर्ध्यातही देवेंद्रकुमार यांच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने चूल आणि खेड्यातील घर यांवर दीर्घ काळ काम केले.

विचारांचे मतभेद आपापल्या जागी आहेत आणि ते राहतील. पण बाईच्या डोळ्यांतल्या धुराचा प्रश्न ज्याने हाती घेतला, त्याची नोंद प्रामाणिकपणे घ्यावी असे आम्हांस वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुलीच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. मावशींचा प्रश्न एकट्या मावशींचा नव्हता.

मगनवाडीतून बाहेर पडताना मावशींनी आपला निकष सांगून टाकला. "धुराडं असन तं पाहू. नसन तं दुकानात पायही ठेवाचा नाही." आमच्या वहीत पहिली नोंद झाली ती हीच : शेगडीला मागे किंवा वर धुराड्यासाठी गोल तोंड हवे.

दुपारी बाजारामागच्या भंगार दुकानांत गेलो. तिसऱ्याच दुकानात एक देखणी वस्तू उभी होती. कमरेएवढी उंच, चार वळणदार पाय, दारावर वेलबुट्टी, दारात अभ्रकाची खिडकी, वर सपाट तवा आणि मागे धुराड्याचे तोंड. सगळीकडे चंदेरी रंग. कोण्या जुन्या बंगल्यातून निघाली, विलायती आहे, शहरातले लोक फार्महाउसवर शोभेला नेतात, असे दुकानदार म्हणाले. आमच्या धाकट्या बहिणीचे तर तिथेच मन बसले.

पण पारख करणे आवश्यक होते. बिडाची पहिली परीक्षा कानाने होते. वस्तू जमिनीवरून थोडी उचलून, किंवा निदान मोकळी ठेवून, लहान पान्याने हलके टिचकावे. अखंड बीड घंटेसारखे वाजते आणि नाद थोडा रेंगाळतो. तडा गेलेले बीड फुटक्या माठासारखे ‘थप्प’ वाजते. एकाच जागी टिचकावून भागत नाही. प्रत्येक भिंत, तवा, दार आणि पाय वेगवेगळे वाजवावे. या विलायती शेगडीचा पुढचा भाग वाजला, डावी भिंत वाजली नाही.

दुसरी परीक्षा उजेडाची. दुकानदारांच्या परवानगीने शेगडीच्या आत टॉर्च पेटवून ठेवली आणि वरून पोते टाकले. तोंडे झाकली तरी डाव्या भिंतीतून केसाएवढी उजेडाची रेघ खालपर्यंत दिसली. चंदेरी रंगाने ती झाकली गेली होती. यावरून लक्षात ठेवावे की जुन्या बिडावर ताजा रंग दिसला तर कौतुकाआधी शंका घ्यावी. दुकानदार बिचारे स्वतःच चकित झाले. रंग त्यांच्याकडे येण्याआधीच मारलेला होता.

तडा सांधता येत नाही असे नाही. पण बिडाच्या वेल्डिंगला निकेलची कांडी लागते, आधी सगळा भाग तापवावा लागतो आणि नंतर सावकाश थंड करावा लागतो. नाही तर सांध्याशेजारी नवा तडा जातो. हा खर्च शेगडीच्या किमतीवर जातो. शिवाय दाराच्या कडेला पांढरट दोरीचे अस्तर होते. जुन्या विलायती शेगड्यांत ही दोरी बहुधा अॅस्बेस्टॉसची असते. तिची धूळ फुप्फुसांना घातक. ती हाताने कुरतडू नये, झाडू नये.

शेवटची परीक्षा मावशींची. त्यांनी पिशवीतून आपल्या भाकरीच्या मापाची जर्मनची ताटली काढली आणि शेगडीच्या दारात उभी धरली. ताटली आत गेलीच नाही. "यात भाकर शेकाची कशी?" त्यांनी विचारले. बरोबरच होते. भाकर तव्यावर भाजली तरी तिला आरावर, म्हणजे निखाऱ्यांपुढे, उभी धरून फुगवावी लागते. पावरोटी आणि भाजलेले मांस खाणाऱ्यांसाठी ओतलेल्या त्या शेगडीचे तोंड चिंचोळे होते. आमच्या वहीत दुसरी नोंद झाली : तोंड भाकरीहून मोठे हवे.

या विलायती शेगड्यांवरून एक गोष्ट आठवली ती सांगतो. स्वीडनचे गुस्ताफ डालेन हे मोठे संशोधक. १९१२ साली प्रयोग करताना स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरी बसणे आल्यावर, दिवसभर चुलीपाशी आपल्या पत्नीला किती राबावे लागते हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ऊब धरून ठेवणारी बिडाची नवी शेगडी तयार केली. ती १९२२ मध्ये आली आणि कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आगा’ हे नाव पडले. डोळस असताना आपल्यापैकी कित्येकांना जे दिसत नाही, ते या माणसाला दृष्टी गेल्यावर दिसले. स्वयंपाकघरात कधी न डोकावणाऱ्या आमच्या पुरुष वाचकांनी यावर थोडा विचार करावा.

दुसरा रविवार : पुलगाव

पुढच्या रविवारी रेल्वेने पुलगाव गाठले. वाटेत कवठा लागते. १८६२ मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा कारभार पुलगावजवळच्या या कवठ्यातून चाले. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आजचे वर्धा शहर वसवून मुख्यालय तिकडे नेले. आज कवठ्यावरून जाताना याची कल्पनाही येत नाही.

पुलगाव हे वर्धा नदीकाठचे गाव. बाहेरच्यांना ते दारूगोळा भांडारामुळे माहीत असते. जुन्या लोकांना मात्र गिरणीचा भोंगा आणि पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची छोटी गाडी आठवते. १९१७ साली सुरू झालेली ती ३५ किलोमीटरची गाडी आता बंद आहे, गिरणीही बंद आहे. गिरणी चालू असताना पाळी सुटायच्या सुमारास चाळीत एकदम पन्नास शेगड्या पेटायच्या, असे स्टेशनजवळच्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. शेगडी पेटवून आधी ती बाहेर ओट्यावर ठेवायची, काळा धूर निघून निखारे लाल झाले की मगच आत घ्यायची, ही त्यांच्या घरची रीत होती. रीत चांगली, पण तिच्यात एक धोका राहतो. त्याविषयी पुढे लिहितो.

येथे एका दुकानात तीन शेगड्या मिळाल्या. पहिली बादलीच्या आकाराची. बाहेरून पत्रा, आत माती. ती बिडाची नव्हतीच, फक्त जाळी तेवढी बिडाची. चुंबक लावून बीड आणि पत्रा ओळखता येत नाही, कारण चुंबक दोन्हींना चिकटते. ओळखायचे ते जाडीवरून, दाणेदार पृष्ठभागावरून आणि साच्याच्या दोन भागांमधल्या उंचवट्याच्या रेघेवरून. पत्र्याला दुमडलेली कड किंवा रिव्हेट असतात, बिडाला ही रेघ असते.

दुसरी खरीच बिडाची होती, पण बरीच वर्षे पावसात पडलेली. गंज दोन प्रकारचा असतो. एक वरवरचा, तांबूस, हाताला पावडर लावणारा. तो तारेच्या ब्रशने निघतो, त्याला भिऊ नये. दुसरा थराथराने सुटणारा. त्यात खिळ्याचे टोक दाबले तर पापुद्रा निघतो आणि खाली पुन्हा गंजच लागतो. ती भिंत आतून संपलेली असते. खिळा दाबला आणि ती शेगडी तिथेच सोडून दिली.

तिसरी मात्र सर्वांगाने उत्तम होती. वाजवली तर खणखणीत. टॉर्च लावली तर एकही रेघ नाही. मावशींची ताटली सहज आत गेली. भावही बरा होता. पण तिच्या पोटावर उठावाची अक्षरे होती : जी. आय. पी. आर.

आम्ही विचारले, "लिलावाची पावती आहे का, भाऊ?"

"काकाजी, इतक्या जुन्या मालाची पावती कोण ठेवते? घेऊन जा ना जी."

वाचकांना हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. रेल्वे आपला जुना माल लिलावाने विकते आणि तसा घेतलेला माल बाळगण्यात काही गैर नाही. पण चोरीचा असल्याचा वाजवी संशय येईल असा रेल्वेचा माल जवळ सापडला, तर तो आपण रीतसर मिळवला हे दाखवण्याची जबाबदारी १९६६ च्या कायद्याने बाळगणाऱ्यावर येते. पैसेवाल्याच्या बंगल्यात अशी शेगडी दिसली तर लोक तिला हौस म्हणतील. तीच आमच्या वस्तीतील अकरा बायकांच्या छपरात दिसली तर कोण काय म्हणेल हे वेगळे सांगायला नको. पावतीशिवाय ती घ्यायची नाही असे ताईंनी एका वाक्यात सांगितले आणि आम्ही चहा घेऊन परतलो. गाडीत धाकटी बहीण फार हिरमुसली होती. मावशी तिला म्हणाल्या, "वस्तू चांगली होती बाई, पण कागद चांगला नव्हता."

तिसरा रविवार : हिंगणघाट

हिंगणघाटला एस. टी.ने गेलो. मार्च २०२३ पासून भगिनींना अर्धे तिकीट असल्याने चौघांत तिघींचा खर्च निम्म्यावर आला, हेही वहीत दिसते. वणा नदीकाठचे हे गाव कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून रेल्वे येण्याआधीपासून नावाजलेले. हिवाळ्यात या रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या काटेरी झाडांना कापसाचे पांढरे पुंजके अडकलेले दिसतात.

येथे मोठ्या दुकानांत काही मिळाले नाही. एका चहावाल्याने सांगितले म्हणून एका जुन्या घराच्या मागच्या अंगणात गेलो. त्या घरी पूर्वी खाणावळ होती, गिरणीतले कामगार तिथे जेवत. शेगडी गोठ्याच्या भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर कोंबडी बसली होती.

उजेडात आणली तेव्हा ती फार देखणी नव्हती. पिंपासारखे गोल अंग, तीन आखूड पाय आणि एका पायाची जागा रिकामी. वर एकात एक बसणाऱ्या तीन चकत्या. लहान भांड्याला एक काढायची, मोठ्याला दोन, हंड्याला तिन्ही. त्यामुळे भांडे जाळावर घट्ट बसते आणि धूर वर न येता मागे जातो. मागे धुराड्याचे गोल तोंड शाबूत. पुढचे दार हरवलेले, आतली जाळी मधोमध मोडलेली.

धाकटीने तोंड वाकडे केले. पण आम्ही वही उघडून एकेक नोंद तपासली. अंग वाजवले, सगळीकडे सारखा नाद. टॉर्च लावली, उजेड फक्त तोंडातून आला. गंज वरवरचा. चकत्या सपाट आहेत का हे पाहण्यासाठी त्या फरशीवर ठेवून दाबल्या, एकही डुगडुगली नाही. अतिजाळाने बीड वाकडे झाले असते तर इथे कळले असते. मग आत वर्तमानपत्राचा बोळा पेटवून मागच्या तोंडाला हातभर पाइपाचा तुकडा धरला. पहिल्या क्षणी धूर पुढे आला, मग अंग थोडे तापताच मागे वळला आणि पाइपातून सरळ वर गेला. मावशी तोंडासमोर वाकून पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

त्यांनी ताटली काढली. दार नसलेल्या त्या रुंद तोंडात ती आडवी-उभी कशीही फिरली. त्या म्हणाल्या, "हे घ्या."

मोडलेल्या भागांविषयी नियम सोपा आहे. जाळी ही झिजण्यासाठीच असते, ती बदलता येते. पाय विटेने भागतो. दार आम्हांला नकोच होते. पण अंग तडकलेले असेल तर बाकी सारे सोन्याचे असूनही उपयोग नाही. जुनी शेगडी घेताना अंग पाहावे, अलंकार पाहू नयेत.

घरच्या आजीबाईंनी भावाची घासाघीस केली नाही. भंगाराच्या भावाहून थोडे वर, किलोला ६० रुपये ठरले. वजन ४६ किलो भरले. त्यांच्या मुलाने साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून सही केली. निघताना आजीबाई मावशींना एवढेच म्हणाल्या, "रोज शंभर माणसाचं जेवण झालं हिच्यावर. पण धुराडं काढू नका माय. मी दोन वर्षं बिनधुराड्याची चालवली, अजून खोकला आहे."

बसवताना घ्यायची काळजी

शेगडी घरात नव्हे, तिन्ही बाजूंनी मोकळ्या छपरात बसवली. विटांचा गुडघ्याएवढा ओटा केला, म्हणजे स्टुलावर बसून भाकरी थापता येतात, जमिनीवर वाकावे लागत नाही. धुराडे छपराच्या वर हात-दोन हात काढून त्यावर टोपी बसवली. टिनाच्या छपरातून पाइप जातो तिथे मोठे भोक ठेवून मध्ये मोकळी जागा सोडली. लाकडी वासा पाइपापासून दूर ठेवला.

गंज ब्रशने काढून, फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला. जवस आपल्याच भागातला. त्याचे तेल तापले की सुकून बिडावर काळा चिवट लेप धरते आणि पुन्हा गंज चढू देत नाही. तेल जास्त लावले तर चिकट राहते. पहिल्या दिवशी फक्त काटक्यांचा लहान जाळ केला, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. एकदम भडका केला तर जुने बीड तडकण्याची भीती असते. तापलेल्या शेगडीवर पाणी कधीही ओतू नये. विझवायचे तर लाकडे मागे ओढावीत आणि राख टाकावी.

सरपण म्हणून पऱ्हाट्या आणि बाभळीच्या फाट्या वापरतो. पऱ्हाटी झटकन पेटते, बाभूळ आर धरते. पऱ्हाट्यांचे ढीग मात्र पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नयेत, त्यांत गुलाबी बोंडअळी आसरा घेते. ओले लाकूड जाळू नये. त्याने धूर वाढतो आणि धुराड्यात काजळी साचून तिथेच पेट घेण्याचा धोका असतो. महिन्यातून एकदा पाइप उतरवून झाडावा.

आता तो धोका. लाल झालेल्या निखाऱ्यांतून धूर दिसत नाही म्हणून लोक शेगडी थंडीत खोलीत घेतात आणि दार लावून झोपतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दगडी कोळसा असो वा लोणारी कोळसा, बिडाची शेगडी असो वा मातीची, पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवू नये. हा एक मजकूर कात्रण करून भिंतीला लावला तरी चालेल.

हिशेब

शेगडी २,७६० रुपये. नवी जाळी ४५०. पाइप आणि टोपी १,१००. विटा, माती, मजुरी ७००. टेम्पो ५००. तीन रविवारांचा प्रवास आणि चहा ६९०. एकूण ६,२००. मंजूर रकमेतून उरलेल्या ८०० रुपयांत लांब दांड्याचे दोन चिमटे आणि जाड कापडाचे हातमोजे घेतले. सिलिंडर आता महिन्याला चाराऐवजी दोन लागतात. सरपणाचा खर्च वजा करूनही वहीत चार पैसे उरताना दिसतात.

या लेखाचा अर्थ कोणी असा घेऊ नये की गॅस सोडून चुलीकडे परतावे. घरच्या रोजच्या स्वयंपाकाला गॅसच बरा, आणि ज्या घरात तो सिलिंडर परवडत नाही म्हणून कोपऱ्यात पडून आहे, तिथे त्याची आठवण करून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. जुन्या वस्तूंचे कौतुक करणाऱ्यांना त्यांच्यासमोर फुंकणी घेऊन बसावे लागत नाही. आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बसल्या आहेत. म्हणून मोठ्या प्रमाणावर, उघड्या छपरात, धुराड्यासह काम असेल तरच बिडाची शेगडी घ्यावी. आणि तिची निवड तिच्यापुढे बसणाऱ्या बाईनेच करावी. आम्ही चौघांनी मिळून पाच शेगड्या पाहिल्या. त्यांत सर्वांत उपयोगाची गोष्ट वही नव्हती, पानाही नव्हता, मावशींची ती ताटली होती.

ज्या भगिनींना अशी शेगडी बसवायची आहे त्यांनी आमच्या छपरात येऊन चालू शेगडी जरूर पाहावी. मावशी स्वतः दाखवतात. मात्र सकाळी दहा ते एक ही वेळ टाळावी, तेव्हा भाकरी चालू असतात.